मागचा गारवा आणि मागचा दणका

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील केटी भागात २००५ सालची शेव्हरोले टाहो विकत घेतली. आई-बाबा उन्हाळ्यात सांगलीहून आमच्याकडे येतात आणि त्याच सुमारास बहिणीचे कुटुंबही डॅलसहून येते; सगळ्यांना एकाच गाडीतून नेता यावे, एवढाच माझा हेतू होता. गाडी काळी, ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची, तीन रांगांची, आणि आधीच्या मालकाने हौसेने खाली उतरवलेली होती. चाके २२ इंचांची घातलेली होती आणि मागच्या टायरच्या वर, चाकाच्या कमानीत, जेमतेम दोन बोटे जाण्याइतकी जागा होती. मला ती ठेवण पाहताक्षणी आवडली होती. विकणाऱ्या गृहस्थांनी दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या : एसीमध्ये गॅस थोडा कमी आहे आणि गाडी मागून थोडी कडक आहे. या दोन्ही वाक्यांतल्या ‘थोडा’ आणि ‘थोडी’ या शब्दांच्या मागे मी पुढचे चार महिने होतो.

मे महिन्यात तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले आणि ह्यूस्टनची दमट हवा सुरू झाली, तेव्हा पहिली तक्रार नीट समोर आली. गाडी वेगात असताना पुढच्या झडपांतून बऱ्यापैकी गार हवा येई. सिग्नलला थांबलो की कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) क्लच दर सात-आठ सेकंदांनी ‘टक्’ करून लागे आणि लगेच सुटे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या डोक्यावर छतात ज्या झडपा आहेत, त्यांतून मात्र नुसता वारा यायचा, आणि उजव्या बाजूच्या मागच्या पॅनेलमधून साप फुत्कारावा तसा बारीक आवाज येत राहायचा. दुसरी तक्रार रस्त्यावर कळली. इथले महामार्ग काँक्रीटचे आहेत आणि त्यांच्या दर सांध्यावर मागून ठोका बसे. रेल्वेचे फाटक ओलांडताना तर लोखंडावर लोखंड आपटल्याचा दणका थेट कमरेत जाई. बाबांच्या मणक्याचे जुने दुखणे आहे. पहिल्या दिवशी ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी घरातली उशी सोबत घेतली. सहा माणसे बसली की मागचा भाग इतका खाली जाई की वळणावर टायर कमानीच्या आतल्या अस्तराला घासल्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा.

मी आधी सोपा मार्ग धरला. एका दुकानात जाऊन गॅस भरून घेतला. त्यांनी यंत्र लावले, वीस मिनिटांत गॅस भरला आणि पैसे घेतले. गळती शोधण्याविषयी ना त्यांनी विचारले ना मी. तीन आठवडे बरे गेले आणि नंतर तीच टकटक पुन्हा सुरू झाली. आमच्या शेजारी एक निवृत्त काका राहतात, ज्यांनी तरुणपणी नाशिककडच्या शीतगृहांत अमोनियाच्या यंत्रांवर बरीच वर्षे काम केले आहे. मी त्यांना म्हणालो, “काका, गॅस पुन्हा संपला बहुतेक.” ते म्हणाले, “अरे, गॅस काय डिझेल आहे संपायला? बंद नळ्यांत फिरतो तो. संपत नाही, जातो. कुठून जातो ते आधी बघ, मग भर.” त्या दिवसापासून ते प्रत्येक शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन आमच्या गॅरेजमध्ये येऊ लागले.

पहिल्या शनिवारी आम्ही दाबाचे गेज लावले. इंजिन बंद, गाडी रात्रभर सावलीत, बाहेर ३५ अंश. दोन्ही बाजूंना दाब ११४ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) जवळपास. मला वाटले, गॅस पुरेसा आहे. काकांनी मला थांबवले. आर-१३४ए या गॅसचा ३५ अंशांना जो संपृक्त दाब आहे, तोच आकडा काटा दाखवत होता, आणि नळ्यांत द्रवरूप गॅसचा थोडासा अंश शिल्लक असेपर्यंत काटा तोच आकडा दाखवत राहतो. घरातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखेच आहे हे : सिलिंडर अर्धा असो की पाव, आतला दाब तोच, किती उरले ते वजनानेच कळते. बंद गाडीवर दाब मोजून ‘गॅस ठीक आहे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे एवढ्या तपशिलाने लिहीत आहे. इंजिन सुरू केल्यावर खरे चित्र दिसले. कमी दाबाच्या बाजूचा काटा सर्रकन २२ पीएसआयपर्यंत उतरे, तिथे दाबाचा स्विच क्लच सोडून देई, काटा पुन्हा चढे, क्लच पुन्हा लागे. म्हणजे गॅस कमी होता आणि गळती नक्की होती.

गॅसमध्ये आम्ही अतिनील प्रकाशात चमकणारा रंग सोडला आणि आठवडाभर गाडी वापरली. पुढच्या शनिवारी अंधार पडल्यावर पिवळा चष्मा लावून आणि निळसर दिवा घेऊन मी एकेक जोड पाहत गेलो. कॉम्प्रेसरची सील कोरडी, कंडेन्सरचे (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचे) जोड कोरडे, ॲक्युम्युलेटरही (ओल आणि द्रव अडवणारा डबा) कोरडा. या गाडीत मागच्या प्रवाशांसाठी वेगळे कूलिंग कॉईल आणि वेगळा पंखा असतो. तो संच उजव्या मागच्या कोपऱ्यात, आतल्या पॅनेलच्या आड बसवलेला असतो. त्याच्यासाठी ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या इंजिनापासून निघून गाडीच्या पोटाखालून, उजव्या अंगाने, थेट मागच्या चाकापाशी येतात. त्यांच्या जोडीला गरम पाण्याच्या दोन नळ्याही येतात, कारण मागे हीटरही आहे. मी पाठीवर झोपून दिवा पुढून मागे सरकवत आणला, आणि चाकाच्या अलीकडे, जिथे या चारही नळ्या एका पट्टीने धरलेल्या आहेत तिथे, हिरवट पिवळा डाग उजळून निघाला. तळहाताएवढा तो डाग होता आणि त्यावर धुळीचा तेलकट थर बसला होता.

फडक्याने पुसून पाहिले. पट्टीच्या आत नळीभोवती जे रबर असायला हवे, ते झिजून नाहीसे झाले होते. पट्टीची पोलादी कड जाड नळीवर, म्हणजे गॅस परत नेणाऱ्या सक्शनच्या नळीवर, उघडी टेकली होती. तिने ॲल्युमिनियममध्ये नखाच्या रुंदीची चकचकीत खाच पाडली होती आणि खाचेच्या तळाशी सुईच्या टोकाएवढे काळे छिद्र होते. साबणाचे पाणी लावले तर त्यातून एकेक बुडबुडा सावकाश फुगून येई. गाडी चालू असताना या नळीत जेमतेम ३० पीएसआय दाब असतो. गाडी उभी राहिली की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि याच नळीवर ११४ पीएसआय येतात. त्यामुळे आमची गळती गाडी चालवताना कमी आणि अंगणात उभी असताना जास्त होत होती. माझी टाहो आठवड्याचे पाच दिवस उभीच असे.

नळी जोडून, गॅस भरून मी मोकळा झालो असतो, पण काकांनी दिवा माझ्या हातातून घेतला आणि नळीवरून बाजूला, ॲक्सलच्या वर चॅसिसवर धरला. “हे बघ. इथे काय आपटतंय?” चॅसिसच्या खालच्या अंगाला, ॲक्सलच्या बरोबर वर, रंग उडून पत्रा उघडा पडला होता आणि ॲक्सलच्या नळकांड्यावर तसाच चपटा चकचकीत ठसा होता. त्या दोहोंच्या मधे रबराचा बंप स्टॉप असतो; तो दोन्ही बाजूंना नव्हताच. प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल सरळ चॅसिसवर आपटत होता आणि त्या हादऱ्याने शेजारच्या पट्टीत नळ्या नाचत होत्या. रबर किती टिकणार? त्या रात्री मी ठरवले की आधी मागचे सस्पेन्शन, मग एसी. नाहीतर नवी नळीही वर्षभरात त्याच जागी झिजली असती.

इथे एक गोष्ट कळायला मला उशीर झाला, आणि ती कळेपर्यंत मी चुकीच्या स्प्रिंगांची ऑर्डर देण्याच्या बेतात होतो. या काळातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत एक लेबल असते, ज्यावर त्या विशिष्ट गाडीत कारखान्याने कोणकोणती साधने बसवली त्यांचे तीन-तीन अक्षरांचे संकेत छापलेले असतात. माझ्या लेबलावर सी६९ होता, म्हणजे मागचा स्वतंत्र एसी. आणि झेडडब्ल्यू७ होता. या दुसऱ्या संकेताचा अर्थ असा की गाडी कारखान्यातून निघताना मागे निव्होमॅट जातीचे शॉक ॲब्सॉर्बर होते. ते साधे शॉक नसतात. त्यांना ना तारा असतात, ना हवेचा पंप. रस्त्यावरच्या हेलकाव्यांचीच शक्ती वापरून ते आतल्या तेलावर दाब चढवतात आणि गाडी भरलेली असली तरी काही अंतर गेल्यावर मागचा भाग आपोआप वर उचलतात. म्हणजे गाडीचा काही भार स्प्रिंग पेलते आणि काही हे शॉक पेलतात. त्यामुळेच त्यांच्या जोडीच्या स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवलेल्या असतात.

आमच्या गाडीखाली मात्र साधे, बाजारातले शॉक होते. कोणीतरी निव्होमॅट काढून, कदाचित महाग म्हणून, हे लावले होते आणि स्प्रिंग त्याच मऊ ठेवल्या होत्या. भार पेलणारे दोन खांब काढून घ्यावेत आणि छप्पर उरलेल्या दोनांवर सोडावे, तसा हा प्रकार. गाडी तेवढ्यानेच खाली बसली असणार. पण ती पुरेशी खाली बसली नाही म्हणून की काय, आणखी एक काम झालेले होते. मी ॲक्सल खाली सोडून उजवी स्प्रिंग बाहेर काढली तेव्हा तिचे खालचे टोक पाहिले. ते गॅसच्या ज्योतीने कापलेले होते. कडेला वितळलेल्या पोलादाचे थेंब गोठलेले होते, जवळच्या वेटोळ्यावर जळका निळा पट्टा होता, आणि कापलेले टोक बुडाच्या बशीत सपाट बसण्याऐवजी तिरके टेकून बशीला खरवडत होते. डावी स्प्रिंगही तशीच, पण अर्धे वेटोळे कमी कापलेली. ज्योतीची उष्णता लागली की स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते, आणि ज्या जागी ते उतरते तिथे ती पुढे मागे मोडू शकते. बाबा आणि भाच्या या स्प्रिंगांवर बसून फिरत होत्या, या विचाराने मला त्या वेळी खरोखर राग आला. गाडी खाली उतरवण्याला माझा विरोध नाही. योग्य लांबीच्या तयार स्प्रिंग बाजारात मिळत असताना ज्योत हातात घेण्याला आहे.

भारतातल्या वाचकांसाठी येथेच सांगून ठेवतो : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम अधोरेखित केले आहे. त्यामुळे पुण्यात किंवा सांगलीत कोणी उंची कमी करायचा विचार करत असेल, तर आधी आरटीओकडे चौकशी करावी.

सुटे भाग मागवण्याआधी मी दोन संध्याकाळी फक्त मोजमापे घेतली. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले : मागे डावीकडे आणि उजवीकडे १८ मिलिमीटरचा फरक होता. कापलेल्या वेटोळ्यांचा तो थेट हिशेब. मग ॲक्सल आणि चॅसिस यांमधली मोकळी जागा मोजली : रिकाम्या गाडीत ४० मिलिमीटर, सहा माणसे बसवल्यावर १२. शेवटी बहिणीने सुचवलेली युक्ती केली. दोन्ही कमानींच्या कडेपासून ओळंबा सोडला आणि दोरी ते टायर हे अंतर पाहिले. दोन्ही बाजूंत ९ मिलिमीटरचा फरक आला, म्हणजे मागचा ॲक्सल गाडीच्या मध्यावर नव्हता. याचे कारण पॅनहार्ड रॉड. हा आडवा दांडा एका टोकाला चॅसिसला आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलला धरलेला असतो आणि ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. मूळ उंचीला तो जवळपास आडवा असतो. गाडी खाली आली की तिरपा होतो, आणि तिरप्या दांड्याची आडवी लांबी कमी भरत असल्याने तो ॲक्सलला एका अंगाला ओढून घेतो. वळणावर टायर एकाच बाजूला का घासतो, याचे उत्तर ओळंब्याच्या दोरीने दिले.

माझ्यापुढे आता तीन वाटा होत्या. मूळ झेडडब्ल्यू७ चे शॉक आणि मूळ स्प्रिंग लावून गाडी पूर्ववत करायची. साध्या शॉकसाठी बनवलेल्या पूर्ण उंचीच्या स्प्रिंग लावायच्या. किंवा साध्या शॉकसाठीच बनवलेल्या, दोन इंच कमी उंचीच्या तयार स्प्रिंग आणि त्या लांबीला जुळणारे आखूड शॉक घ्यायचे. काका पहिल्या वाटेच्या बाजूने होते. मी तिसरी निवडली. गाडीची खालची ठेवण मला हवी होती, आणि दोन इंचांत ॲक्सलला हलायला पुरेशी जागा राहते, हे मोजमापांवरून मला दिसत होते. शॉकची लांबी मात्र डोळ्यांआड करू नये. पूर्ण लांबीचा शॉक खाली उतरवलेल्या गाडीत नेहमीच अर्ध्याहून जास्त दाबलेला राहतो आणि मोठ्या खड्ड्यात रबर टेकण्याआधी तोच आतून टेकतो. आमच्या जुन्या शॉकपैकी एकाचा दांडा त्यामुळेच वाकला होता. स्प्रिंग, शॉक, नवे बंप स्टॉप आणि लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड अशी यादी झाली.

काम एका शनिवार-रविवारी झाले. चॅसिस भक्कम स्टँडवर, ॲक्सलखाली जॅक, शॉकचे खालचे बोल्ट आणि पॅनहार्ड रॉडचे एक टोक सोडले, अँटी-रोल बारच्या कड्या सोडल्या आणि ब्रेकच्या रबरी नळीला ताण पडत नाही ना हे पाहत ॲक्सल हळूहळू खाली घेतला. स्प्रिंग हाताने निघाली. या संपूर्ण कामात एकच बारकावा मी पुन्हापुन्हा सांगेन. रबरी बुश (सांध्यातले रबरी अस्तर) असलेले बोल्ट ॲक्सल लोंबकळत असताना पक्के आवळू नयेत. तसे आवळले तर बुशचे रबर त्या स्थितीत धरले जाते आणि गाडी खाली टेकताच कायमचे पिळलेले राहते. मग गाडी विनाकारण कडक लागते आणि बुशही लवकर फाटतो. मी बोल्ट आधी हातानेच बसवले, गाडी चाकांवर उभी केली, मागे वाळूची दोन पोती ठेवली, आणि मग खाली झोपून टॉर्क रेंचने आवळले. त्यानंतर पॅनहार्ड रॉड फिरवत फिरवत ओळंब्याचा फरक ९ वरून १ मिलिमीटरवर आणला. डावी-उजवीकडची उंचीही २ मिलिमीटरच्या आत आली. सहा माणसे बसवून नव्या रबरापर्यंतचे अंतर मोजले, ते ३८ मिलिमीटर भरले.

त्या संध्याकाळी मी बाबांना घेऊन त्याच रेल्वे फाटकावरून गेलो. धक्का जाणवला, पण तो गोल होता. लोखंडाचा आवाज आला नाही. बाबा म्हणाले, “आता एसटीच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं नाही वाटत.” उशी मात्र त्यांनी अजून हातात धरली होती. फार पुढे न सांगता एवढेच नोंदवतो की ७० किलोमीटरच्या वेगाजवळ जी बारीक थरथर आधी होती, तीही कमी झाली. ॲक्सलची उंची बदलल्याने प्रोपेलर शाफ्टचे कोन पुन्हा जागेवर आले, असे माझे मत आहे.

आता एसी. नळी कापण्याआधी उरलेला गॅस हवेत सोडून देणे इथे कायद्याने निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. आर-१३४ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरली जाते. म्हणून मी परवानाधारक दुकानात जाऊन तो यंत्रात ओढून घेतला. पुढच्या पर्यायांपैकी सर्वांत स्वस्त होता मागच्या नळ्या इंजिनापाशीच टोपण लावून बंद करण्याचा. अशा जुन्या गाड्यांत पुष्कळ जण तेच करतात. पण आई तिसऱ्या रांगेत नातींसोबत बसते, आणि गाडी घेतलीच होती तिच्यासाठी. पूर्ण नळी बदलायला खर्च फार होता. मी छिद्राच्या दोन्ही अंगांना चार-चार इंच नळी कापून काढली, कडा आतून-बाहेरून साफ केल्या आणि ॲल्युमिनियमच्या नळीसाठीचे कॉम्प्रेशन जोड वापरून नवा तुकडा बसवला. पाइपलाइनच्या व्यवसायात रोज हेच करत असल्याने या भागाची मला धास्ती नव्हती. पट्टीत नवे जाड रबर घातले आणि पट्टी जुन्या जागेपासून दोन इंच पुढे सरकवली, म्हणजे घासलेली जागा पुन्हा तिच्याखाली येणार नाही. प्रणाली उघडली होती, म्हणून ॲक्युम्युलेटर, पुढची ऑरिफिस ट्यूब (गॅसचा प्रवाह आवळणारी बारीक नळी) आणि ओ-रिंगाही बदलल्या. जुन्या ॲक्युम्युलेटरमधून निघालेले तेल मोजून तेवढेच नवे तेल भरले.

व्हॅक्यूमच्या बाबतीत काकांनी मला अजिबात सवलत दिली नाही. पंप तासभर चालवला, दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजण्याचे बारीक एकक) खाली नेला, मग झडप बंद करून आम्ही दोघे अर्धा तास नुसते काट्याकडे पाहत बसलो. “चढून थांबला तर ओल आहे, चढतच राहिला तर भोक आहे,” असे ते म्हणाले. तो ७०० वर जाऊन थांबला. पंप पुन्हा अर्धा तास चालवला. या वेळी तो ५५० च्या वर गेला नाही. मग बॉनेटखालच्या लेबलवरच्या आकड्याप्रमाणे, वजनकाट्यावर डबा ठेवून, वजनाने गॅस भरला. मागचा एसी असलेल्या आणि नसलेल्या गाडीला लागणारे वजन वेगळे असते. मेमध्ये ज्या दुकानात गॅस भरला होता, त्या पावतीवरचे वजन पाहिले, तर ते फक्त पुढच्या एसीच्या गाडीचे होते.

पुढच्या मधल्या झडपेत थर्मामीटर ८ अंश दाखवू लागला; बाहेर ३६ होते. क्लच सलग लागून राहिला. मागचा फुत्कारही थांबला होता, कारण मागच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हला (कॉईलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या झडपेला) आता द्रवरूप गॅस पोहोचत होता. पण छतातल्या झडपेत थर्मामीटर २२ अंशांच्या खाली उतरेना. मी निराश झालो. कुठे काय राहिले? काकांनी मागच्या संचाकडे जाणाऱ्या दोन्ही गॅस-नळ्यांना हात लावून पाहिला : जाड नळी घामाने ओली आणि बर्फासारखी गार. गारवा मागे पोहोचत होता, पण झडपेतून येत नव्हता. तेव्हा मला शेजारच्या गरम पाण्याच्या नळ्या आठवल्या. मऊ जबड्याच्या चिमट्याने दोन्ही रबरी नळ्या इंजिनापाशी दाबून धरल्या आणि दहा मिनिटांत झडपेतला थर्मामीटर १३ वर आला. म्हणजे गार केलेली हवा जाता-जाता हीटरमधून तापून येत होती. उजवे पॅनेल काढले तर गार-गरम हवेची दिशा बदलणारी लहान मोटर टिकटिक करत जागच्या जागी फिरत होती, कारण तिच्या आतला प्लॅस्टिकचा दात तुटला होता. नवी मोटर बसवायला अर्धा तास लागला, पॅनेल काढून परत लावायला तीन. मागे थर्मामीटर ११ वर स्थिरावला.

एक उरलेले काम मी ऑगस्टमध्ये केले. आधीच्या मालकाने पुढच्या बंपरखालची काळी प्लॅस्टिकची पट्टी, खाली घासते म्हणून, काढून टाकली होती. ती पट्टी शोभेची नसते. गाडी धावताना हवा खालून निसटू न देता ती कंडेन्सर आणि रेडिएटरकडे वळवते. मूळ पट्टीचा लवचिक रबरी पर्याय मिळाला, तो लावला.

गणपतीत आम्ही सात जण पेअरलँडच्या मीनाक्षी मंदिरात गेलो. केटीहून जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, दुपारचे ऊन, आणि वाटेत महामार्गावर एका अपघातामुळे पाऊण तास जागच्या जागी उभे. क्लच सुटला नाही. परत येताना आईने मागचा पंखा एक खूण कमी करायला सांगितले. बाबांची उशी घरीच राहिली होती.

ग्लोव्ह बॉक्समधल्या कारखान्याच्या लेबलावर अजूनही झेडडब्ल्यू७ छापलेले आहे आणि ते आता खरे नाही. म्हणून त्याच्या खाली मी माझे एक लेबल चिकटवले आहे : मागच्या स्प्रिंगचा आणि शॉकचा क्रमांक, दोन इंच कमी उंची, पॅनहार्ड रॉडची पक्की केलेली लांबी, सक्शन नळीतल्या नव्या जोडाची जागा, भरलेल्या गॅसचे वजन आणि तारीख. काकांनी ते वाचले, खिशातून पेन काढले आणि तारखेपुढे वेळही लिहिली.